वरून टाकलेला फास

तात्याइतका ताठ माणूस त्या धक्क्यावर दुसरा नव्हता, आणि तात्याइतका मूर्खही. जन्मभर मालाची बार्ज चालवली, म्हणून आपण सोडून बाकी सगळे कागदाच्या होड्या सोडणारे, असा त्याचा ठाम समज. त्यातही जावई म्हणजे अगदीच कचरा. कापडाच्या दुकानात वाढलेला, लग्न ठरल्यावर बार्ज शिकलेला, आणि दोर ओढताना हातमोजे घालणारा! ‘हातमोजे’ हा शब्द तात्या थुंकल्यासारखा उच्चारायचा. पोरीच्या लग्नालाही तो गेला नव्हता. तेव्हापासून पोरीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या सकाळी तात्याची बार्ज धक्क्याला लागली, तर पुढे नेमकी जावयाची उभी. शेजारचा बोलार्ड, म्हणजे दोर अडकवायचा ओतीव लोखंडाचा बुटका खांब, बुडातून हलत होता, म्हणून त्याला लाल पट्टी बांधलेली. वापरायला दुसरा एकच खांब उरला होता, आणि त्यावर जावयाच्या दोराचा फास आधीच बसलेला.

अशा वेळी काय करायचं हे कालव्यावरची शेंबडी पोरंही जाणतात. आपला फास दुसऱ्याच्या फासाखालून वर ओवून घ्यायचा आणि मग खांबावर चढवायचा. मग कुणीही आधी निघो, दुसऱ्याला त्रास नाही. नुसता वरून टाकला की खालचा अडकलाच.

धक्क्यावरचा कामगार ओवायला वाकलाही होता.

"खालून नको, वरून टाक!" तात्या ओरडला.

"अहो तात्या, त्यांना निघता येणार नाही."

"मग येतील विचारायला. त्या हातमोज्याच्या खालून माझा दोर जाणार? मेलो तरी नाही!"

"तुमची मर्जी," म्हणत कामगाराने फास वरून टाकला.

आता खरं सांगायचं तर तात्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. पोरीला मुलगा झाला होता आणि तो त्याने अजून पाहिला नव्हता. पाहायची ओढ तर अशी की घास गिळवत नव्हता. पण आपण होऊन जायचं? छे! दोर सोडवायला पोरगी येईल, कडेवर बाळ असेल, मग आपण मोठ्या मनाने ‘ये, बस’ म्हणू. वा रे मोठं मन!

"अहो, चार पावलांवर आहे ती," बायको म्हणाली. ती स्वतः जाऊन, नातवाला पोटभर खेळवून आली होती. "या की बघून."

"तू जाऊन आलीस ना? पुरे झालं."

"आलेच जाऊन! मी काही तुमच्यासारखी लाकडाची नाही."

दुपारी जावई आला. हातमोजे काढून हातात धरलेले.

"मामा, आम्हाला निघायचंय. जरा तुमचा दोर उचलता का?"

तात्या चहा फुंकत राहिला. जावयाने पुन्हा विचारलं.

"जिला घाई असेल तिने यावं," तात्या कपाकडे बघत म्हणाला.

जावई निमूट परतला.

"बघितलंस? पाठीला कणा म्हणून नाही," असं बायकोला ऐकवून तात्याने घाईघाईने केस विंचरले, सदऱ्याची बटणं लावली आणि धक्क्याकडे तोंड करून बसला.

पोरगी डेकवर आली. कडेवर बाळ, डोक्याला पिवळं टोपडं. तात्याला एकदम भरून आलं. तिने बापाकडे एकदा नीट पाहिलं. मग बाळ नवऱ्याकडे दिलं, वाकली, डेकवरच्या खुंट्याला गुंडाळलेल्या दोराचे वेढे एकेक करून सोडले आणि ते टोक सरळ पाण्यात टाकून दिलं. चांगला नवाकोरा दोर! बापाजवळ मागण्यापेक्षा तिला तो टाकणं परवडलं.

बार्ज सरकली.

"अगं थांब! काढतो मी, काढतो!" तात्या धक्क्यावर धावत सुटला. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतंय? टोपडं वळलंही नाही.

तो परत आला तेव्हा बायको खांबापाशी उभी होती. "आता ओढा तो बाहेर. पाण्यात लोंबत राहिला तर कुणाच्या तरी बार्जच्या पंख्यात जाईल."

तात्या वाकला. जावयाचा फास काढायचा तर आधी स्वतःचा काढायला हवा होता, आणि तो असा ताणून बसला होता की जागचा हलेना. बराच वेळ झटून झाल्यावर त्याने मान वर न करताच विचारलं, "नाक कुणावर गेलंय गं त्याचं?"

"जावयावर," बायको म्हणाली. "अगदी हुबेहूब."