आत्याचा हसरा फोटो

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. हाड काढावं लागेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आत्याने भाचीकडे एवढंच मागितलं, "त्याआधी माझा एक हसरा फोटो काढ गं."

 वडिलांमागे त्यांचा फोटो स्टुडिओ भाचीच सांभाळत होती. रडक्या पोरांना, रुसलेल्या नवरदेवांना तिने हसवलं होतं. पण आत्याची गोष्ट निराळी. समोरच्याने कॅमेरा डोळ्याला लावला, की तिची दातखीळच बसायची. घरात सगळ्यांत खदखदून हसणारी बाई फोटोत मात्र नेहमी भांडून आल्यासारखी.

भाची कपाट उघडून उभी राहिली. काळ्या कापडाखाली शिरायचा मोठा कॅमेरा? त्याच्यापुढे तर आत्या श्वाससुद्धा घेणार नाही. डोळ्याला लावायचा नवा? तो हातात बघूनच तिचे ओठ मिटतील. उरला वडिलांचा पेटीसारखा कॅमेरा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. पण त्या काचेत डावं ते उजवं दिसे, आणि तिचा हात त्यावर कधी बसलाच नव्हता. बिघडला फोटो, तर उद्या पुन्हा काढायला हा चेहराच नसणार.

तिने पेटी उचलली. 

आत्या खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसली. भाची मान खाली घालून काचेत बघू लागली. आत्याला मधोमध आणायला ती डावीकडे सरकली, तशी आत्या काचेतून निसटायलाच लागली. ती घाईने उजवीकडे वळली, तो स्टुलाला अडखळली.

"अगं, फोटो काढतेस की पोटाशी धरून तांदूळ निवडतेस?" म्हणत आत्या फिस्सकन हसली.

भाचीने खटका दाबला.

संध्याकाळी डार्करूममधल्या तबकात कागदावर आधी केस उमटले, मग हसून बारीक झालेले डोळे, मग ते हसू, अख्खं. आणि कडेला एक कान साफ कापला गेलेला.

ओला फोटोच घेऊन ती आत्याकडे धावली. आत्याने तो बराच वेळ निरखला.

"कान कुठाय माझा?"

"कान उद्याही तिथेच असणार आहे, आत्या."

 आत्याने फोटो उशाशी ठेवला आणि भाचीचा हात घट्ट धरला.