चिमणीचा दात कामाला लागला

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घराचं मात्र दातांवरच भरलं, कारण आमचे हे दातांचे डॉक्टर. लेकीनं आपला दवाखाना पुढे चालवावा, ही यांची इच्छा. तिनं धरली प्रयोगशाळा! दुधाच्या दाताच्या आतला गर काढून ती त्यातल्या मूळ पेशी वाढवते. त्यातून पुढेमागे कुणाचं हाड भरून येईल, कुणाचा मेलेला दात जिवंत होईल. पण अजून बरीच वर्षं लागतील, असं तीच सांगते. तिची पीएचडी झाली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. हे म्हणाले, "दात न काढणारी कसली डॉक्टर?" ते मी अजून विसरलेले नाही.

गेल्या महिन्यात लेक अगदी मेटाकुटीला आली. लोक दात कागदात गुंडाळून पाठवायचे, ते वाटेतच कोरडे पडायचे आणि पेशी मरायच्या. या खेपेला काही वाढलं नाही तर काम बंद, असं तिला वरून बजावलं होतं. नेमका तेव्हाच मुलाच्या मुलीचा, आमच्या चिमणीचा, दात हलायला लागला. आत्याला दात द्यायला ती एका पायावर तयार! लेक थंड द्रावणाची बाटली घेऊन दवाखान्यात हजर झाली.

यांनी दात अलगद काढला. चिमणीला कळलंसुद्धा नाही. आणि जन्माच्या सवयीनं तो टाकला कुठे, तर जंतुनाशकाच्या वाटीत!

"बाबा!" लेक किंचाळली.

जंतूंबरोबर पेशीही गेल्या. यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी तोंडाचा पट्टा सोडणार होते, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून तिच्या पाठीवर हात ठेवला.

चिमणीनं तोंडातला कापूस काढला. "रडू नकोस गं आत्या. हा शेजारचापण हलतोय. पण आजोबा, दुखलं तर बघा हं!"

यांनी दात बोटानं हलवून पाहिला. पडायलाच आला होता. मग लेकीकडे वळून म्हणाले, "तू सांग, मी तसं करतो."

असं बोलणं यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आधी ती वाटी उचला," लेक म्हणाली. "आणि दात थेट बाटलीत."

काही दिवसांनी तिचा फोन आला. "आई, पेशींनी जीव धरला! सगळे या बघायला."

सूक्ष्मदर्शकाखाली निमुळत्या, लांबट पेशी दाटीनं पसरल्या होत्या. "माझा दात कामाला लागला!" चिमणी पडलेल्या दातांची फट दाखवत, हसत नाचायला लागली. हे मात्र डोळा लावून बसले ते उठेचनात. "जिवंत आहेत गं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

निघताना दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "कुणाकडे आला होतात?"

हे ताठ उभे राहिले. "डॉक्टरांकडे. आमच्या डॉक्टरबाईंकडे."

लेक आम्हाला पोचवायला आली होती, मागेच उभी होती. तिनं ऐकलं.