जाकिटाची पाच बटणं

मी तिथे होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, मास्तरांनी इकडचं तिकडचं सांगितलं आणि मुद्द्याचं तेवढं दडवलं.

मी शिंपी, म्हणून सगळ्यांचा मास्तर; एका मालिकेचे कपडे सांभाळतो. शिवतो, उसवतो, इस्त्री करतो, कॉलरवरचा रंग धुतो. मालिका अकरा वर्षं चालू आहे आणि तिच्यातले बाबा म्हणजे अख्ख्या शहराचे बाबा. चार मुली, त्यांतल्या दोन दत्तक, एक मरून परत आलेली. अकरा वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही की कधी कुणाच्या ताटातलं उष्टं टाकू दिलं नाही. हे सगळं लेखक लिहून देतो आणि सकाळी नऊ वाजता ते पाठ करतात. खऱ्या आयुष्यात त्यांना मूलबाळ नाही आणि त्यांचा आवाज मेकअपच्या खोलीतून माझ्या खोलीपर्यंत येतो. पण लोकांना ते मेकअपच्या खोलीत कुठे भेटतात?

सेटवर आणखी एक बाई आहे, तिला सगळे वहीताई म्हणतात. एकच प्रसंग आम्ही कधी सोमवारी अर्धा आणि गुरुवारी अर्धा चित्रित करतो, पण पडद्यावर तो सलग दिसायला हवा. म्हणून सोमवारी कप कुठल्या हातात होता, चहा किती उरला होता, बाही कोपराच्या वर होती की खाली, हे सगळं ती वहीत लिहिते आणि फोटो काढून ठेवते. वय पस्तिशीच्या आत, बोलणं मोजकं, नजर घारीची. माझ्या हातून दोरा लोंबत राहिला तर माझ्या आधी तिला दिसतो.

त्या मंगळवारी जेवणानंतर बाबा नवीन कोटाच्या मापासाठी माझ्या खोलीत यायचे होते. मी कपड्यांच्या रॅकमागे जमिनीवर बसून एका साडीची किनार दुमडत होतो. तोंडात टाचण्या होत्या. वहीताई कोटाचा फोटो काढायला आली, तिच्या मागून बाबा आले आणि दार लागल्याचा आवाज झाला. मग तिचा आवाज आला, "हात काढा." बाबा हसले. म्हणाले, "अगं, मुलीसारखी आहेस तू मला." मग ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "हात काढा!" काहीतरी खाली पडलं, झटापट झाली, दार उघडलं आणि ती पळत गेली. बाबांनी आरशासमोर उभं राहून केस नीट केले. मी रॅकमागून हललो नाही. टाचण्या तोंडात होत्या म्हणून बोलता आलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. टाचण्या काढायला दोन सेकंद लागतात.

तिसऱ्या दिवशी तिने लेखी तक्रार दिली. निर्मात्यांनी ती टेबलाच्या खणात ठेवली. खणातले कागद आमच्याकडे फार लवकर पेपरात छापून येतात.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मला वाटलं होतं, लोक विचारतील, असं झालं का? तसं कुणी विचारलंच नाही. लोक म्हणाले, चार मुलींचा बाप असं करेल का? एका वर्तमानपत्राने त्या चौघींच्या मुलाखती छापल्या, म्हणजे चार नट्यांच्या, आणि त्यांतल्या मेलेल्या मुलीने तर सांगितलं की बाबांच्या प्रेमामुळेच मी परत आले. एका वकिलाने वाहिनीवर मुद्दा काढला की बाबांनी तिसऱ्या वर्षी स्वतःची किडनी दिली आहे, किडनी देणारा माणूस कुणाच्या अंगाला हात कशाला लावेल. ती किडनी मी ओळखतो. स्पंजाची होती, मीच कापली होती.

आणि मग कुणाला तरी ते बटण सापडलं.

दोनशे सतराव्या भागात बाबा करड्या जाकिटात जिना चढतात तेव्हा जाकिटाला चार बटणं आहेत. जिना संपवून खोलीत शिरतात तेव्हा पाच आहेत. दहा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता ते लहान पोरांना पाठ झालं. स्टुडिओच्या फाटकाबाहेर सकाळ-संध्याकाळ तिच्या नावाने घोषणा सुरू झाल्या. चौकात फलक लागला: 'जिला बटणं मोजता येत नाहीत, तिला हात काय कळणार?'

सांगायला हवं की ती चूक तिची नव्हती, माझी होती. आम्ही प्रत्येक कपडा दोन शिवतो, एक डागळला तर दुसरा. दुसऱ्या जाकिटाला मी चुकून एक बटण जास्त लावलं होतं. बाबांनी पहिल्यावर कॉफी सांडली, मी दुसरं दिलं, वहीताईने तिथल्या तिथे ओरडून चित्रीकरण थांबवलं. बाबा म्हणाले, "बटणं मोजायला लोक येड्यासारखे बसलेत का? चला!" आणि चाललं. तिच्या वहीत त्या तारखेला लिहिलेलं आहे: जाकीट बदललं. सांगितलं. ऐकलं नाही.

पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरवल्यावर वही कोण बघतो? गावभर माणसं जुने भाग लावून चुका शोधायला बसली. ज्यांना घरातल्या चष्म्याचा पत्ता नसतो ते कपातल्या चहाची पातळी मोजू लागले. रेडिओने स्पर्धा ठेवली. माझी दाढ ठणकत होती म्हणून मी दंतवैद्याकडे गेलो, तर तो माझा जबडा उघडा ठेवून म्हणाला, "मास्तर, आमच्या चूकशोध मंडळाच्या आतापर्यंत तेराशे चौदा चुका शोधून झाल्या. तीनशे ब्याऐंशीव्या भागात भिंतीवरचं घड्याळ उलटं चालतं. आता सांगा, अशा बाईवर विश्वास ठेवायचा कसा?" माझ्या तोंडात दोन आरसे आणि एक नळी होती. मी "आं" केलं. तो म्हणाला, "बघा, तुम्हालाही पटतंय."

मला तोंडात काहीतरी असायची सवयच लागली होती म्हणा.

निर्माते खूश होते. जुने भाग इतके कधीच पाहिले गेले नव्हते. त्यांनी बाबांच्या मालिकेतल्या नावाने एक वृक्षारोपण करून टाकलं.

तिच्या बाजूचे लोक नव्हते असं नाही. होते, आणि त्यांनीही कमाल केली. एका महिला संस्थेने तिच्या धैर्याचा सत्कार ठेवला. ती गेली, तर व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून बाबा बसलेले. अध्यक्षबाई तिच्या कानात म्हणाल्या, "अगं, वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच छापल्या होत्या, आता कसं नाही म्हणायचं?" बाबांनी तिला शाल द्यायला हात पुढे केले. ती उलट्या पावली परत आली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की तिला मोठ्यांचा मान राखता येत नाही.

एकच प्रश्न मात्र सगळ्यांकडे होता, तिच्या बाजूच्या लोकांकडेसुद्धा. तीन दिवस गप्प का होती? वाण्याच्या दुकानात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत. तीन दिवस! जणू तिने तीन दिवस कुणाचं प्रेत माळ्यावर ठेवलं होतं.

घरी माझी बायको अकरा वर्षं रोज साडेसातला ताट घेऊन त्या मालिकेसमोर बसते. पहिले दोन आठवडे ती काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी टीव्ही न लावता भिंतीकडे बघत जेवली.

"अहो, एक विचारू? तुम्ही तिथेच असता ना दिवसभर. खरं आहे का ते?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे खरं असेल तर मग मी अकरा वर्षं रोज कुणाबरोबर जेवत होते?"

मी पाणी आणायला उठलो. माझ्यासमोर भरलेला तांब्या होता.

सातव्या आठवड्यात चौकशी समिती बसली. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीशबाई, एक वकील आणि जनतेच्या भावनांचा आदर म्हणून एक प्रेक्षक-प्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणून चूकशोध मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझे दंतवैद्य. मला बोलावणं आलं ते फक्त जाकिटासाठी. कागदावर तसंच लिहिलं होतं: विषय, बटण.

स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरची मीटिंगची खोली. भिंतीला लागून बघे, मधे लांब टेबल, एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला वहीताई. बाबांनी करडं जाकीट घातलं होतं, चार बटणांचं. शिवलेलं अर्थात मीच.

"पाचवं बटण कुणी लावलं?" दंतवैद्याने विचारलं.

"मी."

खोलीत खळबळ उडाली. दोघंजण उठून बाहेर फोन करायला गेले. तिकडे रस्त्यावर लगेच घोषणा बदलली, आता माझ्या नावाने ओरडू लागले. दंतवैद्याचा चेहरा असा झाला, जणू हातून चुकून निरोगी दात उपटला गेलाय.

"म्हणजे चूक या बाईंची नाही?"

"नाही. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं नाही."

"ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

मी उठलो. खुर्ची मागे सारली. दारापर्यंत आठ-दहा पावलं होती. मला नोकरी जाईल याची भीती वाटत होती, बायकोच्या त्या प्रश्नाची वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त भीती याची वाटत होती की आत्ता गेलो तर हे असंच राहील आणि मी त्याच्यासकट म्हातारा होईन. मी मागे वळलो.

"त्या मंगळवारी मी खोलीत होतो," मी म्हणालो. "रॅकमागे."

दंतवैद्याने वही उघडली.

"त्या दिवशी तुमच्या अंगात कुठल्या रंगाचा शर्ट होता?"

"आठवत नाही."

"कपड्यांचं काम करता आणि स्वतःचा शर्ट आठवत नाही?" खोलीभर समाधानाचा सुस्कारा गेला. "तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तोंडात टाचण्या होत्या."

"किती?"

"सहा-सात."

"सहा की सात?"

"मोजल्या नाहीत हो!"

"लिहून घ्या," तो लेखनिकाला म्हणाला. "टाचण्यांच्या संख्येबाबत साक्षीदार साशंक."

वकिलाने विचारलं, साडीची किनार कोणत्या रंगाची होती, मी डावखुरा आहे का, रॅकवर एकूण किती कपडे होते. स्टुडिओतली माझी एकतीस वर्षांची नोकरी, त्यांनी ती अर्ध्या तासात पार उसवून ठेवली. मला संताप येत होता आणि मधेच कळत होतं की हे तिच्याबरोबर सात आठवडे चाललंय, सकाळ-संध्याकाळ, आणि मी ते वरच्या खिडकीतून बघत इस्त्री फिरवत होतो.

शेवटी न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. इतका वेळ त्यांना कुणी बोलूच दिलं नव्हतं.

"बाकी राहू द्या. तुम्ही काय ऐकलंत?"

"त्या म्हणाल्या, हात काढा."

"एकदा?"

"दोनदा. दुसऱ्यांदा मोठ्याने."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मालिकेत नालायक जावयाकडे बघतात तसं, दुःखाने, क्षमा करत. भिंतीजवळच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला, त्यांच्यासाठी. पण लेखनिकाने ओळ लिहिली आणि न्यायाधीशबाईंनी ती मोठ्याने वाचून घेतली, म्हणजे आता ती खोडता येणार नव्हती.

बाहेर पडलो तर निर्मात्यांचा माणूस उभा होताच. उद्यापासून येऊ नका म्हणाला. मी बरं म्हटलं. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या पिंपाजवळ वहीताई उभी होती. मला वाटलं, ती आभार मानेल. खोटं कशाला बोलू, तसं वाटलं. मी शब्दही जुळवून ठेवले होते, अहो आभार कसले, माझं कर्तव्यच होतं वगैरे.

"मला माहीत होतं तुम्ही तिथे आहात," ती म्हणाली. "रॅकखालून तुमचे पाय दिसत होते."

मी पिंपाकडे बघत विचारलं.

"मग तक्रारीत माझं नाव का नाही घातलंत?"

"घातलं असतं तर त्यांनी तुम्हाला लगेच बोलावलं असतं. आणि तुम्ही नाही म्हणाला असतात. मग माझ्याकडे कुणीच उरलं नसतं." तिने पेला भरला, पण प्यायली नाही. "नाव नाही घातलं म्हणून निदान वाट तरी बघता आली."

मी मान खाली घातली. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्या खोलीतल्या एकाही माणसापेक्षा ती शांत बोलत होती.

"पहिल्यांदा मी त्यांना म्हणाले, मास्तर," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाले ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

तिने भरलेला पेला माझ्या हातात दिला आणि ती जिना उतरून गेली.