व्याही दही आणायला गेले

लेकीच्या, स्वानंदीच्या लग्नासाठी राजाभाऊ चेस्की क्रुमलोव्हला गेले आणि तिथे हरवले. झेक देशातलं ते चिमुकलं शहर. भोवती नदीचा वेढा, वर किल्ला, आणि मध्ययुगातल्या गल्ल्या अजून जशाच्या तशा. एकही सरळ म्हणून नाही. शेवटी व्याही यारोस्लाव्ह यांनीच त्यांना शोधून आणलं आणि वऱ्हाडासमोर पोट धरधरून हसले. हवाई दलात नॅव्हिगेटर म्हणून निवृत्त झालेल्या राजाभाऊंना ते फार लागलं.

यंदा व्याही चंदीगडला राजाभाऊंकडे आले. राजाभाऊंनी आल्याआल्याच सुनावलं, "इथे सेक्टर, घराला नंबर, सगळे रस्ते काटकोनात. इथे हरवायचं म्हटलं तरी जमत नाही!"

"मग जेवणासाठी दही मीच आणतो," म्हणत व्याही निघाले.

बराच वेळ झाला तशी राजाभाऊंच्या पत्नी वंदनाताई म्हणाल्या, "अहो, विरजण लावायला बसले की काय ते?"

राजाभाऊंनी स्कूटर काढली. दहीवाला म्हणाला, "गोरे अंकलजी? वो तो उधर गए." उधर म्हणजे रस्त्यापलीकडचा सेक्टर. तिथेही राजाभाऊंच्याच नंबरचं घर होतं. तसंच फाटक, तसाच जिना. राजाभाऊंनी जाळीच्या दारातून डोकावलं. व्याही बूट काढून सोफ्यावर बसले होते आणि पराठा खात होते.

"या, या! तुमच्या बहिणीने फारच आग्रह केला!"

ती 'बहीण' म्हणजे सोढी आंटी. त्यांच्या मुलाचे कॅनडाचे साहेब त्या दिवशी जेवायला यायचे होते. दारात गोरा पाहुणा दिसताच त्यांनी तवा चढवला होता.

"आमच्याकडे प्रत्येक घर वेगळं वाकडं," घर चुकल्याचं कळल्यावर व्याही कुरकुरले. "किल्ल्याच्या खंदकात अस्वलं आहेत. अस्वलांपासून डावीकडे वळलं की माझं घर. तुम्ही इथे एखादं तरी अस्वल ठेवा!"

राजाभाऊंनी जुना हिशेब चुकता करायला, गडगडाटी हसण्यासाठी तोंड उघडलं. आंटींनी त्यात पराठ्याचा घास कोंबला. "भाईसाब, आप भी खाओ जी!"

पराठे संपले, कणीकही संपली, आणि तेवढ्यात खरे साहेब बॅग घेऊन दारात उभे राहिले. आंटींनी कपाळावर हात मारला. राजाभाऊंना त्यांची दया आली. बॅग तिथेच ठेवून त्यांनी साहेबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि जेवायला घरी आणलं. व्याही आपले आपण चालत आले, या वेळी वाट विचारत विचारत.

साहेबांनी वंदनाताईंची भरली वांगी तीनदा मागून घेतली, दिवाणावर जरा टेकले आणि घोरू लागले. साहेबाला उठवणार कोण? शेवटी सोढी आंटींनी त्यांची बॅग, आणि वर एक उशी, इकडेच पाठवून दिली.