लाल रेघेखालचा फ्रॉक

मुलं भराभर वाढावीत असं प्रत्येक बापाला वाटतं. फक्त तिकीटखिडकी आली की त्यांनी थोडं थांबावं, एवढीच अपेक्षा असते.

आमचे मास्तर शिंपी होते. दुकानात पाटी होती : ‘लहान मुलांची शिलाई अर्धी’. या पाटीपायी त्यांनी आयुष्यभर भांडणं केली. मिसरूड फुटलेला मुलगा पुढे करून एखादी आई म्हणायची, “लहानच आहे हो अजून.” मास्तर गळ्यातला टेप काढून सांगायचे, “वहिनी, तुम्हाला लहान असेल. कापडाला तो बाप्या आहे.”

मास्तरांची मुलगी साडेतेरा वर्षांची. उंचीमुळे तिला घरीदारी सगळे शिडी म्हणत. ती उंच उडी मारायची, आणि महानगरातल्या क्रीडा केंद्राने तिला निवड चाचणीला बोलावलं होतं. पत्र आलं त्या दिवशी मास्तरांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी खर्च दिसला. तिथे मेट्रोने फिरायचं, आणि चौकशी केल्यावर कळलं की फाटकाजवळच्या खांबावर एक लाल रेघ असते. डोकं रेघेखाली राहिलं तर अर्धं तिकीट.

“शिडी रेघेच्या वीतभर वर जाईल,” तिची आई म्हणाली. “कापायची का पोरगी?”

“कापायची कशाला? दुमडायची.”

मास्तरांनी रविवारी दुकान बंद ठेवून फ्रॉक शिवला. बाहेरून फ्रॉक, आतून तंबू! घेर इतका की आत गुडघे दुमडले तरी बाहेर पत्ता लागू नये.

“बाबा, मी उंच उडीला चाललेय,” शिडी म्हणाली.

“मग उडी मैदानावर मार. खांबापाशी मार म्हणून कोण म्हणतंय?”

महानगरातल्या पहिल्याच स्टेशनावर शिडी खांबाला पाठ लावून उभी राहिली, फ्रॉकच्या आत गुडघ्यांत वाकली, आणि डोकं रेघेच्या बोटभर खाली आलं. मापात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता.

“अर्धं,” फाटकावरचा गणवेशवाला म्हणाला. “खिडकीवर जा.”

खिडकी दहा पावलांवर होती. शिवताना मास्तरांनी उभं राहण्याचा विचार केला होता, चालण्याचा राहून गेला होता. शिडी तशीच वाकून, बदकासारखी डुलत निघाली. गणवेशवाल्याचा चेहरा पाघळला.

“अरेरे! लेकराच्या पायाला काय झालंय हो?”

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “जन्मापासून...” एवढंच ते पुटपुटले. जन्मापासून काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“मग आधी नाही का सांगायचं? व्हीलचेअरवर बसवून लिफ्टने खाली सोडतो.” पण व्हीलचेअर एकच होती, आणि तिच्यात पायाला प्लास्टर घातलेली एक आजी बसली होती. “आजी, जरा उतरता का? बाक रिकामं नाही, पण वीस मिनिटांत खुर्ची परत आणतो.”

“घेऊन जा रे बाबा,” आजी काठी सावरत उठली. “माझं काय, मी उभी राहीन. तिचं सगळं आयुष्य जायचंय.” प्लास्टरचा पाय जमिनीला टेकला आणि तिच्या तोंडून “आई गं!” निघालं.

शिडीने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते.

“बसा आजी!” शिडी ओरडली आणि सरळ झाली! फ्रॉकमधून ती वर आली आणि येतच राहिली. “माझे पाय धडधाकट आहेत. मी उंच उडी मारते. आणि आता मी वाकणार नाही. कुणीही सांगितलं तरी नाही!”

सगळी रांग मान वर करून पाहू लागली. गणवेशवाला मात्र नोकरीत मुरलेला होता. “गुण आला,” तो म्हणाला. “पूर्ण तिकीट.”

चोरी पकडली गेली की माणसाला राजकारण आठवतं. मास्तर कडाडले, “एका पोरीच्या अर्ध्या तिकिटाने तुमची मेट्रो बुडते का? वरचे गाड्याच्या गाड्या गिळतात, ते नाही दिसत!”

“मेट्रो नाही हो बुडत,” उत्तर दिलं आजीने, खुर्चीत पुन्हा टेकत. “खोट्याचा भार सरकारवर पडेल असा तुमचा हिशेब. पडला माझ्या पायावर. आणि वरच्यांच्या नावाने जरूर ओरडा, मीही ओरडते! पण ओरडायला तोंड तरी स्वच्छ ठेवा.”

“आम्ही साधी माणसं, आजी...”

“मग मी काय हौसेने मेट्रोत बसलेय?”

शिडी हळूच म्हणाली, “बाबा, आपल्या दुकानात कुणी पोरगं वाकवून माप दिलं असतं तर?”

मास्तरांचा हात गळ्याकडे गेला. प्रवासातही टेप तिथेच होता, सवयच तशी. तो त्यांनी मुठीत धरला.

“हाकलून दिलं असतं,” ते म्हणाले.

मग खिडकीवर जाऊन त्यांनी “दोन, पूर्ण!” असं बजावलं, जणू खिडकीनेच नको म्हटलं होतं. आजीची खुर्ची लिफ्टपर्यंत त्यांनीच ढकलली. वाटभर आजी बोलत होती. ती शिक्षा समजावी.

शिडीची उडी चांगली झाली. निवडीची यादी आठ दिवसांनी लागणार होती. परतताना मैदानाजवळच्या स्टेशनावरही तसाच खांब होता. ती न सांगता त्याच्याशी जाऊन ताठ उभी राहिली.

“अगं, आता पूर्णच काढायचंय. उभी कशाला राहतेस?”

“असू दे. दिसू दे सगळ्यांना.”

त्या फ्रॉकच्या घेराचा मास्तरांनी दुकानाला पडदा केला. आणि पाटीवर आणखी एक ओळ आली : ‘माप सरळ उभं राहून द्यावं.’

मंडळी, आपण चुकवलेलं अर्धं तिकीट कुणीतरी भरतंच, बहुधा आपल्याहून अडलेला माणूस भरतो. मुलांना जग दाखवायला बाहेर नेतो ना आपण? मग पहिल्याच फाटकापाशी त्यांना वाकायला शिकवू नये. वाकायची फारच हौस असेल तर एखाद्या आजीची खुर्ची ढकलावी. तिथे थोडं वाकावं लागतं, तेवढं चालेल.