मुंगळ्याच्या गुडघ्यावरची पट्टी

मी गुडघ्याला गुंडाळायची एक लवचिक पट्टी. आवळून धरणं एवढंच मला येतं. तेव्हा बोलता आलं असतं तर एका माणसाचा पाय वाचला असता, म्हणून आज तुमच्याशी बोलतेय.

राजधानी सान साल्वादोरच्या बाहेर एका कारखान्यात मी विणली गेले आणि तिथून हिकिलिस्को गावच्या बाजारात आले. डेल्मीनं मला तिच्या नवऱ्यासाठी, एलिसेओसाठी घेतलं. तो गावच्या फुटबॉल क्लबात मधल्या फळीत खेळायचा. पाठीवर ओझं असल्यासारखा वाकून चेंडू न्यायचा, म्हणून सारा गाव त्याला मुंगळा म्हणे. उपांत्य सामन्यात त्याचं पाऊल चिखलात रुतलं आणि वरचं अंग तेवढं वळलं. उजवा गुडघा पपईएवढा सुजला.

"डॉक्टरला दाखवू या," डेल्मी म्हणाली.

"डॉक्टर कापतो. कापलेला खेळाडू परत मैदानात आलेला बघितलायस कधी?"

आमच्याकडे पाय मुरगळला की आधी हाडवैद्यच. लिसांद्रोबाबांनी कोंबडीची चरबी लावून गुडघा चोळला, मळला, एक हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला.

"बसली नस. रविवारी खेळ," बाबा म्हणाले आणि वरून मला करकचून गुंडाळलं.

नस बसली नव्हती. आत काहीतरी तुटलं होतं. तो वळला की हाडावरून हाड सरकायचं आणि ते फक्त मला कळायचं. मी जिवाच्या आकांतानं आवळायची. मी आवळलं की त्याला वाटायचं, बरं झालं.

अंतिम सामना आम्ही जिंकलो. विजयाचा गोल त्याच्याच पासवर झाला, आणि गावानं श्रेय दिलं मला. त्याच्या आईनं मला चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून आणलं. सामन्याआधी लोक वाकून मला हात लावू लागले. माणसं अशीच. दुखण्यापेक्षा दुखण्यावरच्या फडक्यावर त्यांचा विश्वास जास्त.

तसाच तो कितीतरी हंगाम खेळला. शेवटी एकदा परगावच्या सामन्याहून परतताना त्याला बसमधून उतरताच येईना, सोबत्यांनी उचलून घरी आणलं. त्याची निवृत्ती ती एवढीच. आता तो नारळ विकतो. पायऱ्या अंग तिरकं करून चढतो.

डेल्मीनं कुठंकुठं हेलपाटे घालून राजधानीतल्या इस्पितळात ऑपरेशन ठरवलं. ते उद्या आहे. डॉक्टरांनी बजावलंय, गुडघा आणखी एकदा पिळवटला तर जोडण्यासारखं काही उरणार नाही.

आणि आज सकाळी जुने सोबती पिकअप घेऊन दारात हजर.

"चल मुंगळ्या. आमच्यात एक माणूस कमी आहे. नुसता मध्ये उभा राहा, पळायला आम्ही आहोत."

"तुम्ही पळणार? ती पोटं कोण उचलणार?" एलिसेओ म्हणाला.

"उद्या ऑपरेशन आहे याचं," डेल्मी आतून कडाडली. "लाज वाटत नाही?"

"उद्या ना, वहिनी? मग आज पाय त्याचाच आहे की."

सगळे हसले. एलिसेओही हसला आणि खुंटीवरून त्यानं मला ओढून घेतलं.

"पट्टी आहे, डेल्मी. काही होत नाही."

पट्टी आहे. माझी वीण कधीच सैल झालीय. मी स्वतःच घसरते, त्याला कुठून धरणार? डेल्मी दार धरून उभी राहिली. तिचंही माझ्यासारखंच.

तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. तिला जरूर बांधा, पण आधी आत काय तुटलंय ते जाणत्याकडून बघून घ्या. बांधलंय म्हणजे बरं झालंय असं कुणाला सांगू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

शिट्टी होऊन बराच वेळ झालाय. मैदानाकडेला तव्यावर पुपुसा, सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, भाजतायत, पत्र्याखाली बसलेली माणसं "मुंगळा, मुंगळा" ओरडतायत. इतका वेळ तो खरंच नुसता उभा होता. आता चेंडू त्याच्याकडे येतोय. मागून समोरच्या संघाचा एक तरणा गडी धावत येतोय.

त्यानं उजवा पाय रोवला. मी आहे नाही ती सगळी ताकद लावून आवळते आहे.

तो वळतोय.