आंदणाचे ग्लास

लोक त्याले रेडियम म्हणते. चमकत नाही, काही नाही. स्टिकर कापायचा साधा चिकट रोल असते, मागचा कागद सोलायचा आन् चिकटवायचा. सुरुवातीले मी सांगत होती, दादा, याले व्हिनाइल म्हणते, रेडियम वेगळं. मग सोडून देलं. ज्याले जे म्हणायचं ते म्हणू द्या, आपल्याले ऑर्डरशी मतलब. तसंही कोणाले काही समजावून सांगायची माझी हौस मागच्या मार्चमध्येच फिटली होती.

मागच्या मार्चमध्ये अंकुशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मले सांगितलं का त्याले माझ्यासोबत राहायचं नाही. कन्हानले आमचं दोन खोल्यांचं घर होतं. तो जेवून राहिला होता. मी विचारलं, "काहून?" तं म्हणे, "काहून असं काही नाही." दुसरी बाई नाही, दारू नाही, मारझोड नाही. काही असतं तं निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं वरण मागून घेतलं, मी वाढलं. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली आन् नागपूरले, इंदोऱ्याले, आईकडे आली.

आठ दिवसांनी दारात टेम्पो उभा राहिला. त्यात माझं सगळं आंदण होतं, लग्नात बाबानं देलेलं. पातेले, पराती, डबे, एक्कावन्न स्टीलचे ग्लास. सात पोती, तोंडं सुतळीनं शिवलेली. माणूस मोठा इमानदार, एक चमचा ठेवून घेतला नाही त्यानं.

शेजारच्या जिजाबाई लगेच ओट्यावर आल्या. त्यांच्या कानाले गल्लीतली मांजर पडली तरी ऐकू जाते. "काय वं सिंधूताई, एवढं सामान?"

आई एका दमात म्हणाली, "जावयाची बदली झाली न. क्वार्टर भेटेपर्यंत इथं ठेवलं."

मी आत उभी होती. वाटलं, बाहेर जावं आन् सांगावं का हे खोटं आहे. मग म्हटलं, जाऊ दे. आईची आस आहे. पोती बांधलेली आहे तोपर्यंत तिच्या मनात टेम्पो परत कन्हानले जाणार आहे. ती आस मोडायची हिंमत माझ्यात नव्हती, आन् खरं सांगायचं तं ताकदही नव्हती. आईनं सातही पोती मधल्या खोलीत भिंतीले लावून ठेवली, वरून जुनी चादर टाकली. अकरा महिने आम्ही दोघी त्यांना वळसा घालून सैपाकाच्या खोलीत जात होतो. पाहुणे आले का ग्लास कमी पडे, तं आई जिजाबाईकडून मागून आणे. पण पोतं सोडलं नाही.

कोणी विचारलं, जावई कसे आहे, तं आई म्हणे मजेत. मीही म्हणे मजेत. मले काय वाटत होतं? काहीच नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देते न, मग गाल आपला आहे का दुसऱ्याचा ते समजत नाही, तसं. जेवण होई, झोप होई. रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता, आन् माझा राग तं खानदानी आहे, बाबाकडून आलेला. तोही कुठं गेला होता कोण जाणे.

काम तेवढं सुरू होतं. स्टिकर कापायची छोटी मशीन मी लग्नाच्या आधीच घेतली होती. वाढदिवसाचे स्टिकर, बाटलीवर नाव, गाडीवर नाव, असं चाले. फेब्रुवारी आला तसे कॉलेजचे पोट्टे दारात. "ताई, मगवर तिचं नाव टाकून द्या, आन् बाजूले बदाम." सगळ्यांना बदामच पाहिजे, पत्त्यातला असते तसा, लाल. एकानं तं दोन ऑर्डरी देल्या, दोन वेगवेगळ्या नावाच्या. मी म्हटलं, "बाबू, डब्बे अदलाबदल नको करजो." तो हसला. मी नाही हसली. मले त्या दिवसांत हसायचं राहूनच जाई.

बारा तारखेले चिनी मातीच्या मगचं खोकं आलं. उघडलं तं आतमध्ये नुसता चुरा. सव्वीस ऑर्डरी बाकी होत्या. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत गेली, तिथला दुकानदार म्हणे, "सीझन है बहन, सब माल खतम." दुसरीकडे गेली, तिथंही तेच. उन्हातून घरी आली. घरात कोणी नव्हतं. आई तीन दिवसांसाठी नरखेडकडे मामाच्या गावाले गेली होती, मामाच्या नातवाचं नामकरण होतं. मी पाणी प्याली, चादर ओढली आन् एका पोत्याची सुतळी कात्रीनं कापली. काही ठरवून वगैरे नाही. मग नाही तं ग्लास, एवढंच डोक्यात होतं.

एक्कावन्नातले सव्वीस ग्लास त्या पोत्यात निघाले, बाकीचे दुसऱ्यात होते. ग्लास चांगले होते, जड, बुडाशी गोल. अर्धे तं वापरलेही नव्हते. पण प्रत्येकावर नाव. भांडं घेतलं का त्याच्यावर नाव टाकायचं, हे आपल्याकडे चालतच आलं आहे. बाबानं तं हद्द केली होती. इतवारीतल्या दुकानात अख्खी दुपार बसून एकेका ग्लासावर कोरून घेतलं, मशीनच्या बारीक टिंबाटिंबांनी: अंकुश – रोशनी, आन् खाली लग्नाची तारीख. दुकानदार म्हणे, काका, ग्लासावर कोणी एवढं टाकते काय, नुसतं आडनाव टाका. बाबा म्हणे, माझी पोरगी आहे, तुले टाकायचं नसन तं दुसरं दुकान पाहतो. लग्नानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. ती टिंबं अजून तशीच होती, बोटाले लागत होती.

नाव दोन बोटं रुंद होतं, म्हणून बदाम चार बोटांचा कापला. मशीन कापते, पण बाकीचं काम हाताचंच. बदामाच्या आजूबाजूचा नको असलेला भाग चिमट्यानं काढायचा. मग वरून चिकट कागद लावून अख्खा बदाम उचलायचा. ग्लास स्पिरिटनं पुसायचा, बदाम बरोबर जागेवर ठेवायचा, जुन्या एटीएम कार्डानं घासायचा, आन् वरचा कागद हळूहळू ओढायचा. घाई केली का कोपरा उठते. पहिला ग्लास केला तेव्हा मी थांबली. म्हटलं, आता काहीतरी होईल. नवऱ्याचं आन् आपलं नाव आपल्याच हातानं झाकून राहिलो, आता तं रडू येईल. पाच मिनिटं वाट पाहिली. काही झालं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मी दुसरा ग्लास घेतला.

सव्वीस ग्लासांवर आमचं नाव झाकलं आन् त्यावर दुसऱ्यांची नावं चिकटवली. अदिती, प्रीती, मिनल, ऋषी, अंकित. आतमध्ये चॉकलेटं भरली, वरून जाळीचं कापड बांधलं. पोट्ट्यांना एवढे आवडले का विचारू नका. "ताई, मग तं सगळेच देते, हे एकदम हटके आहे!" प्रत्येकाले चिठ्ठी देली का दोन दिवस पाणी लावू नका, तारेच्या घासणीनं घासू नका. चिठ्ठी कोण वाचते?

तेरा तारखेच्या संध्याकाळी सगळे गेले. मग मी ते पोतं जुन्या पेपरनं भरलं, सुतळीनं शिवलं, इतर पोत्यांच्या मागं लोटलं आन् वरून चादर टाकली. स्वतःच्या घरात स्वतःच्याच सामानाची चोरी. लाज वाटायले पाहिजे होती, पण तीही वाटली नाही. आई चौदाले आली, थैलीभर संत्री घेऊन. पोत्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

सोळा तारखेले सकाळी दहाच्या सुमारास मिनल आली. मागच्या गल्लीत राहते, बी.कॉम.ले आहे, आमच्याकडे लहानपणापासून येणंजाणं. डोळे सुजलेले होते. आई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिली होती, मी तिच्या बाजूले ऑर्डरच्या पट्ट्या कापत होती.

"रोशनीताई, हे काय आहे?" मिनलनं ग्लास माझ्यासमोर धरला.

तिच्या आईनं तारेनं चांगला कचाकचा घासला होता. अर्धा बदाम निघाला होता, आन् खालून आमचं नाव वर आलं होतं. अंकुशचं पूर्ण, माझं अर्धं.

"आयुषनं मले देला. मी त्याले म्हटलं, कोणाच्या लग्नातला उचलून आणला बे? तो शपथा घेऊन राहिला का रोशनीताईकडून घेतला. मी मानलंच नाही. त्याले ब्लॉक केलं." ती रडतच बोलत होती. "आन् आज बाकीचा स्टिकर नखानं थोडा उचलून पाहिला, तं खाली रोशनी. ताई, अंकुश म्हणजे भाऊजीच न? तुमच्या लग्नाचा ग्लास तुम्ही काहून विकला?"

आईचे हात थांबले होते.

"अवं, चुकून गेला असन," आई म्हणाली. "तिचं सामान आहे न इथं ठेवलेलं, त्यातला मिसळला असन. भाऊजीची बदली झाली न, म्हणून..."

बोलता बोलताच ती उठली आन् आत गेली. चादर ओढल्याचा आवाज आला. मग एकेक पोतं दाबल्याचा. भांड्यांचं पोतं दाबलं का खणखण वाजते. मागचं खसखस वाजलं. माझ्या हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली. आता आईले समजलं, आता तिची आस तुटली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आई बाहेर आली. "किती?"

"सव्वीस."

मले वाटलं, आता आई मारन, नाही तं ऊर बडवून घेईन. ती खाली बसली. पदरावरची टरफलं झटकली, परत शेंग सोलायले घेतली. मग मिनलकडे पाहून म्हणाली, "मिनल, तो पोट्टा खरं बोलून राहिला, बाई. घरी जाऊन फोन कर त्याले. ग्लास आमच्याच घरचा आहे."

"पण काकू..."

"हिच्या नवऱ्यानं हिले टाकलं. अकरा महिने झाले. बदली-फिदली काही नाही."

टाकलं. हा शब्द मी दुसऱ्या बायांबद्दल हजारदा ऐकला होता. अमकीले टाकली, तमकीले टाकली. माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं, आन् बोललं तं माझी आईच बोलली, तेही शेंगा सोलता सोलता. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मले काहीतरी लागलं, आन् पहिल्यांदा आला तो रागच आला.

"मग आजपर्यंत कायले खोटं सांगत होती?" मी ओरडली. "बदली झाली, क्वार्टर भेटलं नाही, जावई मजेत आहे! त्या माणसाची एवढी वाट पाहून राहिली होती तू?"

"मी?" आईनं हातातली शेंग फेकली. "मी त्याची वाट पाहीन? त्याचं तोंड नाही पाहायचं मले! तुझ्यासाठी सांगत होती. तू आली तशी एक आसू नाही गाळला तुनं. मले वाटलं, हिले परत जायचं आहे. तो बोलावन म्हणून बसली आहे पोरगी. मी कोणत्या तोंडानं म्हणू का टाकलं? ती पोती सोडली असती तं तुले वाटलं असतं, आईनंही आस सोडली."

"मले नव्हतं जायचं," मी म्हटलं. माझा आवाज मलेच ओळखू येईना. "आई, एक दिवसही नव्हतं जायचं मले. मी तुझ्यासाठी चूप होती."

मिनल ग्लास छातीशी धरून उभी होती, जावं का थांबावं तिले समजेना.

म्हणजे या घरात त्या माणसाची वाट कोणीच पाहत नव्हतं. दोघी बाया, भिंतीले सात पोती लावून, एकमेकीच्या आशेले जपत बसल्या होत्या. हसू यायले पाहिजे होतं. पण जे आलं ते दुसरंच होतं. आधी खांदे हलायले लागले, आन् मग असा काही आवाज निघाला का मी स्वतःच घाबरली. मी तोंडावर हात दाबला. बाजूच्या ओट्यावर जिजाबाईचं दार करकरलं.

आईनं माझा हात धरून तोंडावरून खाली ओढला.

"रड," ती म्हणाली. तीही रडत होती. "मोठ्यानं रड. ऐकू दे जिजाबाईले."